मावशीचा उशीर

आमच्या मालाडच्या सोसायटीत सभेची नोटीस फळ्यावर लागायची, पण ती कोणी वाचत नसे. सभा आहे हे कळायचं ते कोरममावशीने बेलवर बोट ठेवलं की. दार उघडेपर्यंत ती ते बोट काढत नसे. "चल रे, नुसता येऊन बस. बोलू नको हवं तर, पण खुर्ची भर." कोणी लुंगीवर असला आणि लाजला, तर म्हणायची, "चालेल तसाच. खाली कोण तुझं लग्न लावतंय?"

ती मढच्या कोळीवाड्यातली. मालाडच्या बाजारात मासळी विकायला बसायची. नवरा दारूने गेला, आणि त्याच्यामागे तिने मासळीच्या जोरावर ए विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. इमारतीला लिफ्ट नाही. तिचं खरं नाव बहुतेकांना ठाऊक नव्हतं. सगळे तिला कोरममावशी म्हणत आणि ती सगळ्यांना 'तू' म्हणे. मी अध्यक्ष होतो, तरी "चेअरमन, तू गप रे जरा," असं भर सभेत ऐकून घेत असे.

सोसायट्यांत नियम असा, की ठरलेल्या वेळी पुरेसे सभासद जमले नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब करायची, मग असतील तेवढ्यांत ठराव करायचे. आमच्याकडे तो अर्धा तास चहाबिस्किटांचा. मावशीचा मात्र जिने चढण्याचा. मी एकदा म्हटलं, "मावशी, कशाला धावपळ? अर्ध्या तासाने कोरम लागतच नाही." ती म्हणाली, "आणि मग वर्षभर जिन्यात कुरकुरतात ना मेले. त्यापेक्षा इथे येऊन भांडा."

बोलावताना ती आपला-परका बघत नसे. एकदा कोणीतरी ठराव आणला, की मासळीची टोपली पुढच्या जिन्याने नेऊ नये. टोपली इमारतीत एकीचीच होती. मावशी उठली आणि ठराव आणणाऱ्याला म्हणाली, "तुझी माणसं कमी पडतायत. थांब, चौथ्या मजल्यावरच्या बाईला आणते, तिला पण माझा वास येतो." खरंच घेऊन आली. हसण्यात तो ठराव वाहून गेला.

घड्याळ ती घालत नसे. "हात सदा पाण्यात. वेळ काय माझ्या बोंबलांना सांगू?" कुठेही भेटली की विचारायची, "किती वाजले रे?" आपण सांगू ते खरं मानायची.

तळमजल्यावर नीलेशचं किराणा दुकान आहे. त्याच्या वडिलांची आणि माझी दोस्ती होती. लोक फोनवरून तेल-तांदूळ मागवू लागले आणि त्याचा धंदा बसला. "काका, दहा मिनिटांत घरपोच येतं लोकांना. मी विकू काय?" असं म्हणत तो एक दिवस अर्ज घेऊन आला. दुकानात बिअर ठेवायची होती, आणि त्याला सोसायटीची ना-हरकत लागत होती.

मावशीचा मुलगा संजू तेव्हा नुकताच व्यसनमुक्ती केंद्रातून परतला होता. कोणाशी बोलत नसे. रोज सकाळी नीलेशकडून दुधाची पिशवी आणायची, एवढंच त्याचं बाहेर पडणं. मावशी माझ्याकडे आली, आणि पहिल्यांदाच खुर्चीत न बसता दारातच उभी राहिली. "चेअरमन, दूध आणायला जातो तो, तेवढाच माणसात येतो. तिथेच बाटल्या मांडल्या तर त्याला कुठे पाठवू?" मी म्हटलं, "सभा ठरवेल, मावशी." ती म्हणाली, "मग सभा भरवते."

सभेच्या संध्याकाळी कोरम नव्हता. मी सभा तहकूब केली, तशी मावशी बी विंगच्या बायकांना आणायला गेली. तिच्या बाजूने हात वर करू असं त्यांनी कबूल केलं होतं. इकडे चहा संपला, पंखा बंद होता, मंडळी चुळबुळू लागली. "चेअरमन, उरका ना, यार! किती बसायचं?" नीलेश मागे भिंतीला टेकून उभा होता. मला त्याची दया येत होती, हे खरं. मावशी आली की तासभर भांडण होणार आणि मला ते नको होतं, हेही खरं. मी घड्याळ पाहिलं. अर्धा तास झाला नव्हता. मी म्हटलं, "चला, वेळ झाली."

कोणी तपासलं नाही. ठराव दोन हातांच्या फरकाने मंजूर झाला.

तेवढ्यात मावशी आली. धापा टाकत होती. मागे चार बायका, एकीच्या हाताला पीठ तसंच. "झाली सुरू?" तिने विचारलं.

"संपली," मी म्हणालो. "तुम्ही उशीर केलात, मावशी."

एरवी मी तिला 'तू'च म्हणत असे.

ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने भिंतीकडे पाहिलं, तिथे घड्याळ नव्हतं. बायका जिन्यात तिच्यावर चिडल्या, "आम्हाला हातातलं काम टाकायला लावलंस आणि स्वतःच रमतगमत आलीस!" मावशी प्रत्येकीला "चुकलं गं" म्हणत होती.

दुसऱ्या दिवसापासून दूध आणायला ती स्वतः उतरू लागली. गुडघे धरून, एकेका पायरीवर थांबत. संजू घरातच राहिला. पुढे ती त्याला घेऊन मढला भावाकडे गेली. टेम्पोत सामान चढल्यावर मला म्हणाली, "त्या दिवशी पाय चालला नाही रे माझा, चेअरमन." मी म्हणालो, "जाऊ दे, मावशी." जणू मी तिला माफ करत होतो.

ती मढलाच वारली. संजू पुन्हा बाटलीकडे वळला नाही. बंदरावर बर्फाच्या गाडीवर असतो, असं ऐकतो.

आमच्याकडे मात्र कोणी उशिरा आलं की 'मावशीचा उशीर' म्हणायची पद्धत पडली. मागच्या सभेला एक नवा सभासद घाईघाईने आला. "सॉरी हां, मावशीचा उशीर झाला," म्हणाला. त्याने तिला कधी पाहिलेलंही नाही. सगळे हसले. मी म्हणालो, "तिला उशीर झाला नव्हता. सभा मी वेळेआधी सुरू केली होती."

मग सेक्रेटरी हळूच म्हणाला, "काका, आता काय त्याचं?" आणि त्याने पार्किंगचा विषय घेतला.

संजूला अजून सांगायचं आहे. मढची बस आमच्या गेटसमोरच थांबते. मी बाकावर बसलेला असतो, आणि रोज तिला जाऊ देतो.