पडद्यामागची जागा

मांडवीच्या वाळूवर, तंबूत, एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरचा मूकपट लागला होता. ती कादंबरी मी शाळेत शिकवत असे, म्हणून ऐटीत पुढे बसलो. दारावर बांगडे विकायला येणारी बाई स्वस्तात पडद्यामागे बसली. तिथून संवादांच्या पाट्या उलट्या दिसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बांगड्याचे कल्ले उलगडून दाखवत तिने अख्खी गोष्ट सांगितली. "पत्र जाळताना त्या बाईचा हात थरथरला नाय, मास्तर. बघितलात ना?"

तेव्हा मी पुढच्या पाटीची वाट पाहत होतो.

"पण अक्षरं उलटी..."

"आमाला उलटी काय नि सुलटी काय! रडणारं माणूस दोनी बाजूंनी रडतंच."

पुढच्या खेळाला मी पडद्यामागे गेलो. सरकून जागा देत तिने शेजारणीला ताठ मानेने सांगितलं, "मास्तर आता आमच्यातले."