वीस फायलींचा नियम

तात्यांना फाईल वजनावरून ओळखता यायची. हातात घेतली की सांगायचे, "ही रंगाच्या कारखान्याची, हिच्यात नकाशे फार," किंवा "ही खोकी बनवणाऱ्याची, बिचाऱ्यानं घाबरून प्रत्येक कागद दोनदा जोडलाय." राज्यात कुणाला कारखाना काढायचा असो, वाढवायचा असो की हलवायचा असो, त्याचा अर्ज या तीन मजली कार्यालयात यायचा आणि सात टेबलांवरून फिरायचा. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर तो नेणारे हात तात्यांचे. छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. शिपाई म्हणून लागले तेव्हा डोक्यावर दाट केस होते. ते केव्हाच गेले, पण जिना चढण्याचा वेग तसाच राहिला. निवृत्तीला पाच महिने उरले होते.

कॉम्प्युटर आले होते, नाही असं नाही. त्याच्यावर अर्ज भरायचा, मग तो छापायचा, मग त्याची फाईल करायची आणि मग तात्यांना हाक मारायची.

हाकही अशी उठसूट मारायची नाही. प्रत्येक टेबलामागच्या भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला एक कागद होता: 'वीस फायली झाल्याशिवाय पुढे पाठवू नयेत.' नवीन माणूस रुजू झाला की हेडक्लार्क त्याला पहिल्या दिवशी तीन गोष्टी दाखवायचे: हजेरीचं रजिस्टर, पिण्याचं पाणी आणि हा नियम. असं का, हे कुणी विचारलं नाही. कार्यालयात फार विचारणाऱ्या माणसाची बदली लांब होते, आणि लांब जायचं कुणाला असतं?

त्या वर्षी कारखानदारीत कुठलं राज्य किती पुढे याची यादी लागली आणि राज्य चौथ्यावरून घसरून अकराव्यावर आलं. वरून आरडाओरडा झाला. जुन्या साहेबांची बदली होऊन नव्या मॅडम आल्या, आणि मॅडमबरोबर एक सल्लागार आले. बोलताना दर वाक्याला दोन तरी टक्के असायचे, म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांचं नाव टक्केसाहेब पडलं.

टक्केसाहेब घड्याळ घेऊन महिनाभर सगळ्या टेबलांपाशी बसले. मग त्यांनी बैठकीच्या खोलीत भिंतभर एक तक्ता लावला.

"परवानगीला चौसष्ट दिवस लागतात," ते म्हणाले. "शेजारच्या राज्यात अकरा. आपल्या चौसष्ट दिवसांत पेन कागदाला टेकलेलं असतं पाच तास वीस मिनिटं. उरलेला नव्व्याण्णव टक्के वेळ फाईल नुसती वाट बघते."

"वाट बघणं हेही कामच आहे, साहेब," हेडक्लार्क दुखावून म्हणाले. "जबाबदारीचं."

"पण कशाची वाट?" मॅडमनी विचारलं.

"विसाव्या फायलीची."

"हे कुणी ठरवलं?"

"परिपत्रक असणार."

"मग दाखवा."

पाणी द्यायला आलेल्या तात्यांच्या हातातला ग्लास तिरका झाला आणि थोडं पाणी टक्केसाहेबांच्या कागदांवर सांडलं.

कारण परिपत्रक नव्हतं. ते कधी नव्हतंच. बावीस वर्षांपूर्वी तात्या सायकलवरून पडले होते आणि त्यांचा डावा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. डॉक्टरांनी जिने कमी चढा म्हणून सांगितलं. तात्यांनी टेबलाटेबलाला जाऊन विनवलं, "जरा वीसेक झाल्या की हाक मारा हो, तेवढीच एक खेप." माणसं चांगली होती, हो म्हणाली. तेव्हाचे हेडक्लार्क शिस्तीचे, त्यांनी विसरायला नको म्हणून पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. गुडघा दोन महिन्यांत बरा झाला. पुठ्ठा तसाच राहिला. कुणीतरी तो टाइप केला, कुणीतरी त्यात 'नयेत' घातलं, कुणीतरी प्लॅस्टिक चढवलं. तात्यांनाही एव्हाना सवय लागली होती. दोन खेपांच्या मध्ये वर्तमानपत्रातलं शब्दकोडं आरामात सुटायचं.

दुसऱ्या दिवसापासून परिपत्रकाचा शोध सुरू झाला. आणि जुन्या कागदांच्या खोलीत शिडीवर कोणी चढायचं? तात्यांनी. जे कधी लिहिलंच गेलं नाही ते शोधत तात्या तीन दिवस धूळ खात होते, आणि खाली शिडी धरून हेडक्लार्क तर्क लढवत होते.

"वीसच का, ते बघा. एकोणीस नाही, एकवीस नाही. ज्यानं ठरवलं तो पोचलेला माणूस असणार."

"असेल," तात्या वरून शिंकत म्हणाले.

"आताच्या लोकांत तसली बुद्धीच नाही राहिली."

तात्यांनी आणखी एक गठ्ठा उचलला. बोलायचं दोनदा ओठांवर आलं, पण छत्तीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढे यायची आणि तोंडाला कुलूप लागायचं. पेन्शन अडकली तर? आणि पेन्शन राहिली बाजूला, लोक हसले तर?

या सगळ्यात पहिल्या मजल्यावरच्या बाकावर वॉल्व्हवाल्या बाई येऊन बसायच्या. नवऱ्यामागे त्यांनी पाण्याच्या वॉल्व्हचा कारखाना चालवला होता. चाळीस माणसं कामाला होती. आता मोठी मागणी आली होती, तिच्यासाठी नवी शेड आणि नवी भट्टी हवी होती, आणि त्याची परवानगी हवी होती. गिऱ्हाईकानं शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर परवानगीचा कागद दिसला नाही, तर काम शेजारच्या राज्यात जाणार होतं.

"त्यांचा माल तुमच्यापेक्षा चांगला असतो का हो?" सोमवारी सकाळी तात्यांनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून एक वॉल्व्ह काढून त्यांच्या हातात दिला. "फिरवून बघा."

तात्यांनी चाक फिरवलं. लोण्यात सुरी जावी तसं फिरलं.

"पितळ तेच, कारागीर तसलेच," बाई म्हणाल्या. "उलट त्यांच्या वॉल्व्हची झडप गळते, हे गिऱ्हाईकच सांगतं. पण तारीख दिली की ते पाळतात. मी तारीख देऊ कशाच्या जोरावर? माझी फाईल आहे तरी कुठे?"

"तिसऱ्या टेबलावर. काम झालंय तिचं. गठ्ठ्यात सातवी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आणखी तेरा यायच्या आहेत."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. "म्हणजे आणखी तेरा जणांनी कारखाना काढायचं मनावर घ्यायचं, तेव्हा माझा निघणार! आणि मग पुढच्या टेबलावर पुन्हा वीस?"

तात्या हसले नाहीत. वॉल्व्ह त्यांनी दोन्ही हातांनी परत दिला.

जेवायला ते घरी जायचे. त्या दिवशी ताटातलं काही हलेना, तेव्हा त्यांच्या बायकोनं, काकूंनी, खोदून खोदून विचारलं आणि सगळं बाहेर आलं. काकूंनी आधी पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना.

"आपल्या लग्नात तुम्ही उशिरा आलात. पोरीच्या निकालाला उशिरा आलात. ते घरातलं होतं, मी गिळलं. आता अख्ख्या राज्याला उशीर केलात?"

"अगं, हसतेस काय! पेन्शनच्या तोंडावर आहे मी."

"गुडघा दोन महिन्यांत बरा झाला होता ना हो? मीच शेकत होते रोज."

"झाला होता."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

तात्यांनी भात कालवला, पुन्हा कालवला. "बरं वाटायचं गं. मी येईन तेव्हाच कामं हलायची. साहेबसुद्धा विचारायचे, तात्या कधी येणार?"

काकूंचं हसू ओसरलं. "हे मात्र त्या वॉल्व्हवाल्या बाईंना सांगू नका," त्या हळूच म्हणाल्या. "आणि कुणाला सांगायचं ते तुम्हाला कळतंय."

दुपारी बैठक होती. हेडक्लार्कनी हात वर केले. परिपत्रक मिळालं नव्हतं. पण नियम इतका जुना, की मूळ कारण कळल्याशिवाय रद्द करणं धोक्याचं, असं त्यांचं मत होतं. वरच्या खात्याला पत्र लिहून अभिप्राय मागवावा.

"किती दिवस लागतील?" मॅडमनी विचारलं.

"पत्राची फाईल होईल. मग तिच्यासारख्या आणखी एकोणीस झाल्या की..."

टक्केसाहेबांनी डोकं हातांत धरलं. तात्यांनी ट्रे खाली ठेवला.

"मॅडम, परिपत्रक सापडायचं नाही. तो नियम माझ्या गुडघ्याचा आहे."

टक्केसाहेबांनी डोकं वर केलं.

"कोणाच्या?" हेडक्लार्क म्हणाले.

"माझ्या. डाव्या." आणि तात्यांनी सायकलपासून पुठ्ठ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. मध्ये कुठे थांबले नाहीत. "गुडघा बरा झाल्यावर सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझंच चुकलं."

"इतकी वर्षं मी लोकांना शिकवतोय हा नियम!" हेडक्लार्क लालबुंद झाले. "त्यावर भाषण दिलंय मी!"

"चांगलं होतं भाषण," तात्या कसनुसं म्हणाले.

टक्केसाहेबांनी घसा खाकरला. "मॅडम, हे मी अहवालात कोणत्या सदरात घालू?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक कोरा कागद तात्यांपुढे सरकवला. "हे सगळं लिहून द्या. तारीख घाला, सही करा."

तात्यांची पाचावर धारण बसली. तरी लिहिलं. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला आणि हेडक्लार्कसमोर धरला. "नियमाचं मूळ कारण हवं होतं ना? हे घ्या लेखी. कारण दोन महिन्यांतच संपलं होतं." मग कागदाच्या तळाशी त्यांनी 'नियम आजपासून रद्द' असं लिहून सही केली. "आणि तात्या, लेखी ताकीद द्यावी लागेल मला. सोडून देता येणार नाही."

"द्या, मॅडम."

"पेन्शनला हात लागणार नाही."

तात्यांनी मान हलवली आणि सरळ पहिल्या मजल्यावर गेले. तिसऱ्या टेबलावरच्या गठ्ठ्यातून सातवी फाईल त्यांनी उपसून काढली आणि एकटीच घेऊन जिना चढले. वरचे कारकून चष्मा कपाळावर सरकवून बघायला लागले. एकच? पडली होती का कुठे? तात्या प्रत्येक टेबलापाशी उभे राहिले, काम होईपर्यंत हलले नाहीत. कोणी नकाशा मागितला, कोणी भट्टीच्या धुराड्याची उंची पुन्हा तपासली, ते रीतसरच होतं. गुरुवारी चारला परवानगीचा कागद वॉल्व्हवाल्या बाईंच्या हातात पडला. आभार मानायला त्या थांबल्या नाहीत. अर्ध्या जिन्यातूनच फोनवर ओरडत होत्या, "मिळाला! फोटो पाठवतेय, उघडा!"

तात्या वर आले तेव्हा मॅडमच्या टेबलावर एक पातळ फाईल तयार होती. ती नोंदीसाठी तिसऱ्या मजल्याच्या टोकाला जायची होती. तात्यांनी ती काखेत मारली आणि निघाले.

टोकाच्या टेबलावरचा कारकून वैतागला होता. "तात्या, आज चौथी खेप! पुन्हा एकच? कोणाची एवढी तातडीची?"

"माझीच आहे," तात्या म्हणाले. "ताकीद आहे. नोंद करा बघू पटकन, मला खाली अजून दोन न्यायच्यात."