कोरड्या नळासमोरची रांग

घासाघीस करण्यात भोरच्या बाजारात मला कुणी हरवलेलं नाही. सारोळ्याला हायवेच्या कडेला ट्रकच्या फाळक्यांवर मोर आणि वाघ काढत मी हात बसवला. शिकवायला कुणी नव्हतं. आज भोरमध्ये माझं पाट्या रंगवायचं दुकान आहे. फ्लेक्स आल्यावर निम्मे पेंटर बसले, मी टिकलो तो बोलण्यावर. गिऱ्हाईक उठलं तर त्याला पायरी उतरू द्यायची, मग हाक मारायची. थोडं त्यानं सोडायचं, थोडं आपण. रिकामं कुणी जाता कामा नये. या गुणाचा मला गर्व होता. वेल्ह्याच्या बाजूच्या एका गावात त्यानंच माझा घात केला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्या गावात मी एका किराणा दुकानाची पाटी रंगवत होतो. समोरच्या घरातल्या आक्कांनी चहा आणून दिला. सत्तरीच्या बाई, एकट्या राहणाऱ्या. त्यांची एक भिंत बरोबर एसटीच्या थांब्यासमोर येते.

"पेंटर, माजी भित मोकळी हाय. कायतरी काढ की."

"काय काढू? मोर?"

"मोर कशाला? नळ काढ. हितं आलेला नळ."

नळाची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. योजनेचं उद्घाटन आक्कांच्याच दारात झालं. त्या दिवशी टाकीत टँकर ओतला, दोन तास नळ वाहिला, फोटो निघाले. त्यानंतर बाया पुन्हा विहिरीवर.

मी दोन दिवस राबलो. नळाला बांधलेली फीत, काळा चष्मा आणि हार घातलेला पाहुणा, त्याच्या हातात कात्री. त्याच्यासमोर हंडे घेतलेल्या सात बायांची रांग. चेहरे आक्कांनी सांगितले तसे काढले. ही नाकानं बसकी, ती पुढं आलेल्या दातांची. बाया येऊन आपापला चेहरा ओळखायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. आक्का म्हणाल्या, "मला समद्यात शेवटी काढ. माजी पाळी येतच न्हाई."

आयुष्यभर मी लोकांनी सांगितलेली नावं रंगवली. ते चित्र काढताना पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाही काही म्हणायचं होतं.

आठवडाभरात त्या गावचे सरपंच भोरला माझ्या दुकानात आले. सरपंच म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. सही बाईंची, बाकी सगळं यांचं, म्हणून सगळे यांनाच सरपंच म्हणतात. चित्राचा फोटो मोबाईलवर तालुकाभर फिरला होता.

"पेंटर, पुसून टाका ते. उद्घाटनाला आलेलं सायेब लई तापल्यात."

"पुसायचं नाही. माझं चित्र आहे, आक्कांची भिंत आहे."

"बरं, तापू नका. शाळंच्या भिंती रंगवायच्यात औंदा. तुमचाच इचार हुता."

ते उठले आणि पायरीपर्यंत गेले. माझीच रीत माझ्यावर चालवली जात होती आणि मला कळलं नाही. मी हाक मारली.

"चष्मा काढतो. बाकी राहू द्या."

"हार?"

"हारही काढतो. नळाला हात लावणार नाही."

"नका लावू. पन एक थेंब तरी दावा राव, शुभ दिसतं. आन रांग लई लांब झालीया. दोन बाया कमी करा."

मी भांडलो, आवाज चढवला. शेवटी फीत राहिली, कात्री राहिली, पाच बाया राहिल्या. ते पूर्ण पुसा म्हणत आले होते आणि मी बहुतेक सगळं वाचवलं होतं. सौदा जिंकला असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी काम उरकलं. आक्का रानात गेल्या होत्या, त्यांना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. रांगेतून माणसं कमी करायची तर पेंटर टोकाकडूनच करतो, मधे खिंडार दिसत नाही. शेवटच्या दोघी पुसल्या. मग निळ्या रंगाचा एक टपोरा थेंब काढला आणि त्याला पांढरी चमकही दिली.

दुपारी सरपंचांनी त्या थेंबाशेजारी उभं राहून फोटो काढला, मोबाईलवर फिरवला आणि खाली लिहिलं, गावात पाणी आलं.

शाळेच्या भिंती मला मिळाल्या नाहीत. पण मी तिकडे परत गेलो तो त्यासाठी नाही. आक्कांनी भिंतीवर चुना मारला असं कानावर आलं होतं. एसटीतून उतरलो तर खरंच, कोपऱ्यातल्या माझ्या सहीसकट सगळं पांढरं. डोकं भडकलं.

"आक्का, दोन दिवस उन्हात मेलो मी! पाच बाया तरी होत्या ना?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी कुठं हुते?"

मी वळून भिंतीकडे बघितलं, रांगेचं टोक जिथं होतं तिकडे.

"बहिणीचा फोन आला, म्हनली पाणी आलं म्हनं तुज्याकडं, मोबाईलवर तुज्या भितीचा फोटु बघितला. माज्या भितीनं खोटं बोलावं व्हय रं? आन मला पुसताना इचारलंस का? त्यांच्याशी बोललास. माज्याशी न्हाई."

"चुकलं. पुन्हा काढतो. आहे तसं, सातही बाया."

"काढशील. पन पुना कोन आलं मंजी?"

मी लगेच 'नाही पुसणार' म्हणायला हवं होतं. पण त्या क्षणी मी मनातल्या मनात चित्र लावत होतो. या वेळी पाहुण्याला मुळात चष्माच नको. हारही नको, पाठमोराच काढू, म्हणजे कुणाला बोट ठेवता येणार नाही. कुणी काही मागायला आलेलं नव्हतं आणि माझं सोडणं सुरू झालं होतं.

आक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. गिऱ्हाइकाचं तोंड मी वाचतो तसंच त्यांनी माझं वाचलं असावं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "जा. भोरची गाडी लागलीया."

मी गाडीत बसलो. खिडकीतून ती भिंत दिसत होती. थांब्यावरच्या दोन बाया तिच्याकडे बोट दाखवून तिसरीला सांगत होत्या, कोण कुठे उभी होती ते.