सरांशी जुळलेलं उत्तर

आमची ताई पोटासाठी विश्वाची सुरुवात मोजते. हसू नका, तीच तिची नोकरी. मी कपडे शिवते, ती गणितं करते, आणि मान दोघींचीही दुखते.

ती सांगते, अगदी सुरुवातीला, विश्व भराभर फुगत होतं तेव्हा, रिकाम्या जागेतही बारीक थरथर होती. पुढे तारे-बिरे सगळं तिच्यातूनच आलं. ती थरथर मोजायची जुनी रीत प्रयोगशाळेतली. कण एकमेकांवर आपटायचे. आधी काय होतं ते माहीत, नंतर काय उरलं तेही माहीत. विश्वाच्या बाबतीत फक्त सुरुवात धरता येते, शेवट मोकळा सोडावा लागतो, ही नवी रीत. एवढं मला कळतं. ताई यापुढे गेली की मी मशीन सुरू करते.

तर परवा भरदुपारी ही बाई माझ्या दुकानात आली, कापडाच्या गठ्ठ्यावर बसली आणि गिऱ्हाइकांदेखत रडायलाच लागली. मी तिला आत ओढलं. तिच्या सरांचा रविवारी सत्कार होता, आणि ज्या उत्तरामुळे हिचं नाव झालं त्यावरच हिला बोलायचं होतं. सरांनी ते उत्तर जुन्या रीतीनं काढलेलं. मग हिला म्हणाले, माझं न बघता नव्या रीतीनं काढ. हिनं काढलं, तर त्यात एक पद, म्हणजे बेरजेतला एक तुकडा, जास्तीचं आलं. मग हिनं काय करावं? सरांचं उत्तर चोरून पाहिलं, आपलंच चुकलं असं धरलं, एक कारण शोधून काढलं आणि ते पद गाळून टाकलं. उत्तरं जुळली, सगळीकडे वाहवा झाली. आता भाषणासाठी तेच पुन्हा मांडायला बसली, तर गाळायचं कारणच खोटं निघालं, ते पद काही केल्या जाईना.

"लाज चुकल्याची नाही गं वाटत," ती म्हणाली. "जुळल्यावर मला किती बरं वाटलं होतं, त्याची वाटते."

मी तिला चांगलं झापलं. आम्ही बाहीची लांबी टेप लावून घेतो, समोरच्याचं तोंड बघून नाही, असं सुनावलं. मग शटर ओढलं आणि तिला घेऊन सरांकडे गेले. एकटी गेली असती तर जिन्यातूनच परत फिरली असती.

सर आता फार थकलेत. खिडकीशी खुर्चीत बसले होते, पायांवर पांघरूण. ताईनं मान खाली घालून, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. म्हातारा चिडणार असं मला वाटलं, आणि मी भांडायच्या तयारीतच होते.

त्यांनी पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "माझं उत्तर मलाच खटकत होतं. म्हणून तर तुला काढायला दिलं."

ताईनं मान वर केली.

"तुझंही तेच आलं, मग मी नाद सोडला. म्हटलं, ही काही माझी भीड ठेवायची नाही."

 ताई तिथेच जमिनीवर बसली. रविवारी हेच बोलायचं, एवढंच सरांनी सांगितलं आणि तिच्या गणिताचे कागद मागितले. चष्मा लावून त्यांनी ते जवळ नेले, लांब धरले, आणि तिला परत दिले. त्यांना दिसतच नव्हतं.

"वाच," ते म्हणाले. "सगळं वाच."

ती वाचायला लागली. त्या पदापाशी आली आणि अडली. सर कान देऊन थांबले होते. एरवी माझं तोंड बंद करणं कुणाला जमत नाही. मी भिंतीकडे बघत राहिले.