कूलरखालची कुंडी

पद्मजाच्या कुंडीत जे उगवतं, त्याला तिच्या सासूबाई, विमलताई, खराटा म्हणतात. फार चुकत नाहीत. या सायलोटम वनस्पतीला पान नाही, फूल नाही, मूळसुद्धा नाही. नुसत्या हिरव्या काड्या आणि त्यांवर मोहरीएवढ्या गाठी.

"हे फळ हाय का याचं?" विमलताईंनी एकदा विचारलं होतं.

"फळ नाही, आई. बीजाणूंच्या तीन पेट्या आहेत. चिकटून एकच झाल्यात."

"म्हणजे आपल्यासारख्या. एकीले ताप आला का तिघी झोपल्या." तिघी म्हणजे त्या, पद्मजा आणि नात खुशी.

पद्मजा कळंबहून रोज यवतमाळला जाते, कॉलेजात तासिकेवर वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या पेट्या कशा जुळतात, यावरच तिचा प्रबंध अडून बसलाय. पिकलेली, पिवळी गाठ हवी. मुदत जूनपर्यंत, शेवटची. झाड एवढं एकच; ते देणारे सर वारले, त्यांची नागपूरची बागही मोडली.

मे महिन्यात काड्या सुकायला लागल्या, तेव्हा तिनं कुंडी कूलरच्या गळत्या टाकीखाली ठेवली. गारव्यानं गाठी पिवळट झाल्या. आणि मग काड्या बुडापासून काळ्या पडल्या. तिनं माती नाकाशी नेली.

"आई, कूलरमध्ये काही टाकलंत?"

विमलताई मेथी निवडत होत्या. टाकलं होतं, झाकणभर रॉकेल. गेल्या साली खुशीला डेंग्यू झाल्यापासून त्या टाकीत डासांची अळी दिसू देत नाहीत.

"काहून वं? पोरीले पुन्हा सलाईन लावू देऊ?"

पद्मजानं सगळ्यात पिवळी गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तिन्ही कप्पे जागेवर, भिंती जुळलेल्या. आत बीजाणू नाहीत, नुसता लगदा. दुसरी कापली, तिसरी कापली. तेच.

विमलताई मागे येऊन उभ्या होत्या. "कच्च्या गाठी अढीत घालून पाह्य ना. आंबे नाही का पिकत?"

"हे नाही पिकत, आई."

त्यांनी कूलर बंद केला. टाकी उपसून साबणानं घासत बसल्या, वास जाईस्तोवर. तोवर घर भट्टीसारखं तापलं. खुशी फरशीवर लोळत मानेवरचा घाम पुसत होती.

पद्मजानं टाकी भरली. फळीवरची बाटली काढली आणि झाकणभर रॉकेल स्वतःच ओतलं. मग कुंडी उचलली. कुठं ठेवावी ते सुचेना, तशीच ती हातात धरून उभी राहिली.