सितारवाल्याकडची गुरुवारची बैठक

वडिलांच्या दहाव्याला मी शुद्धीवर नव्हतो. उंब्रजला नदीकाठी सगळी भावकी पिंडाकडे बघत उभी, आणि थोरला मुलगा पिऊन घाटाच्या पायरीवर तोंड उघडं टाकून पडलेला. कावळा शिवेना. शेवटी चुलतभावानं दर्भाचा कावळा करून उरकलं. हे मला दुसऱ्या दिवशी बायकोनं सांगितलं. सांगताना ती रडली नाही, तेच जास्त लागलं.

"तुमी लढाईवरनं जित्तं आलासा म्हणून म्हसवडला जाऊन सिद्धनाथाला नारळ फोडला मी," ती म्हणाली. "आता वाटतंय, कशाला फोडला."

पलटणीत रम सरकारच द्यायचं, तेव्हा तिला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. लढाई संपली, आम्हाला घरी पाठवलं, सवय तेवढी बरोबर आली. गावात हातभट्टी होतीच. सोडायची मला खरंच होती, पण एकट्याच्यानं होईना. सकाळी शपथ घ्यायची आणि दिवेलागणीला भट्टीची वाट धरायची, असं किती दिवस चाललं कोण जाणे.

साताऱ्यात दारूबंदीची सभा आहे असं कळलं म्हणून गेलो. बोलणारे एक वकील होते. आपण जन्मात थेंबाला शिवलो नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. सभा संपल्यावर मी जवळ जाऊन विचारलं, "साहेब, सोडायची कशी? सांज झाली की हात थरथरत्यात."

"निश्चय लागतो, निश्चय!" म्हणत त्यांनी माझा दंड धरून मला व्यासपीठावर नेलं, गळ्यात हार घातला आणि पांगणाऱ्या लोकांना थांबवून म्हणाले, "बघा, माणसाची काय दशा होते ती!" टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळी मी प्यालो तेव्हा हार गळ्यातच होता.

मग सांगलीला मावसभावाच्या भजनी मंडळात जायला लागलो. माळ घातली. महिनाभर बरं गेलं. एका एकादशीला न राहवून मी बुवांना सांगून टाकलं, "परवा पाय घसरला." टाळ थांबले. बुवांनी सगळ्यांसमोर माझी माळ काढून घेतली. खोटं बोललो असतो तर ती राहिली असती. मंडळातले आणखी दोघं घेत होते, मला माहीत होतं. ते मान खाली घालून बसले.

पुढं कावीळ झाली आणि मिरजेच्या दवाखान्यात पडलो. शेजारच्या खाटेवर एक सितारवाले चाचा होते. दारूनं हात कापायला लागले आणि सितारीचे पडदे बांधता येईनात, तेव्हा त्यांनी सोडली होती. आता ते दुसऱ्याच दुखण्यानं आले होते. माझ्याकडे एकदा बघूनच त्यांनी ओळखलं.

"फौजी, गुरुवारी दुपारी आमच्या कारखान्यात ये. भाषण न्हाई, हार न्हाई."

तिथं छताला सितारींसाठी वाळवलेले भोपळे टांगलेले. खाली चटईवर चाचा, रेल्वेतला एक फायरमन आणि एक शाळामास्तर. तिघंही पिऊन बुडालेले आणि वर यायला धडपडणारे. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "काल घेतली." कुणी च्च केलं नाही. मास्तरांनी एवढंच विचारलं, "किती वाजता? त्याआधी काय झालं होतं?" असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

फायरमन म्हणाला, "सांज निभली की निभलं रं गड्या. ती एकट्यानं काढू नको."

दर गुरुवारी मसूरला गाडी धरून मी मिरजेला जायचो. एरवीची सांज बायकोजवळ चुलीपुढं बसून काढायची, हेही मास्तरांनीच सुचवलेलं. कारखान्यात पॉलिशसाठी स्पिरिटची बाटली उघड्यावर असायची. चौघांपैकी कुणी तिला हात लावला नाही. वर्ष उलटलं तशी बायको माझ्याशी पुन्हा हसून बोलायला लागली.

मग दारूबंदीचा कायदा आला. आम्हाला आनंद झाला, इतके आम्ही खुळे. आळीतल्या कुणीतरी चुगली केली, 'तिथं दारुडे जमतात.' एका गुरुवारी पोलीस आले. भोपळे ठोकून बघितले, स्पिरिटची बाटली उचलली आणि चाचांना चौकीवर नेलं. मी, फायरमन, दोघंही हात जोडून सांगत होतो, "आवं, आमी सोडायला जमतोय!" जमादार हसला. "पीत न्हाई तर जमता कशाला?"

मास्तर मागच्या दारानं केव्हाच गेले होते.

दोन दिवसांनी चाचांना सोडलं, पण आळीनं त्यांना पकडूनच ठेवलं. गिऱ्हाइकं तुटली. बैठक मोडली. फायरमनची बदली झाली. पावसाळ्यानंतर मी गेलो तेव्हा चाचा भिंतीला टेकून बसले होते, आणि वास उंबऱ्यापर्यंत येत होता.

"चाचा, चला, आपण दोघंच बसू," मी म्हणालो.

"तू न्हाई ना घेतली?"

"न्हाई."

"मग इथं येऊ नको," ते म्हणाले आणि तोंड फिरवलं. वर्षाच्या आत ते गेले.

पुढं एकदा मिरज स्टेशनावर मास्तर दिसले. मी धावत गेलो. बरोबर दोन सहकारी होते. "मास्तर, वळखलं न्हाई व्हय?" त्यांनी मला नीट पाहिलं, अगदी नीट, आणि म्हणाले, "आपली काहीतरी चूक होतेय."

मी पुन्हा प्यालो नाही. गाव म्हणतं, कायद्यानं सुधारला. मी कुणाची चूक दुरुस्त करत बसत नाही.