भुवईवरचा व्रण दिसेल असा टीव्ही

गुणमालाबाईंना टीव्हीचं वेड कधीच नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. समडोळीतल्या त्यांच्या शेजारणी मालिका चुकू नये म्हणून हातातलं काम टाकून पळायच्या, तेव्हा ह्या बाई अंगणात हळद निवडत बसलेल्या असायच्या. घरातला जुना डबा टीव्ही बंद पडला, तर त्याच्यावर त्यांनी लोणच्याच्या बरण्या मांडल्या. आणि अशा बाईनं वयाच्या बासष्टाव्या वर्षी हट्ट धरला, की इंटरनेटचा, भिंतीवर लावायचा, मोठ्ठा टीव्ही पाहिजे! वर्धमानअण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, चाटच पडले.

"आता ह्या वयात घरात थेटर काढतीस व्हय गं?"

"आवं, प्रवचन ऐकायचं हाय मला. महाराजांचं."

थाप होती ती, दुसरं काय? प्रवचन महाराजांचं नव्हतंच. ते देणारी त्यांची स्वतःची लेक होती.

कीर्ती बी.एस्सी. झाली, चांगली स्थळं यायला लागली, आणि नऊ वर्षांपूर्वी तिनं दीक्षा घेतली. आर्यिका, म्हणजे जैन साध्वी झाली. डोक्यावरचे केस स्वतःच्या हातांनी उपटले, अंगावर एक पांढरी साडी, पायी विहार, नाव नवं. दीक्षा झाली की लेक आणि आईबाप हे नातं संपतं. उलट आईबापांनीच हात जोडून "वंदामि माताजी" म्हणायचं. गुणमालाबाईंनी डोळे पुसले आणि म्हटलं. अण्णा मात्र मंडपातून तरातरा उठून गेले. "माझ्या पोरीला मी वंदामि म्हणू? ती कीर्ती हाय आन् कीर्तीच ऱ्हाणार!"

त्यानंतर एकदाही दर्शनाला गेला नाही हा माणूस. घरातले सगळे तिला माताजी म्हणायला लागले, तिचा सख्खा भाऊसुद्धा. अण्णा तेवढे अधूनमधून, "कीर्तीच्या मोगऱ्याला पाणी घातलं का न्हाई?" असं विचारायचे. मग ज्यानं त्यानं हातातल्या कामात डोकं घालायचं. त्यांच्या तोंडून एकदा तरी "माताजी" ऐकावं, बापलेकीतलं हे अवघडलेपण आपल्या डोळ्यांदेखत मिटावं, एवढीच गुणमालाबाईंची आस होती.

यंदा माताजींचा चातुर्मास लांब राजस्थानात. रोज सकाळचं प्रवचन यूट्यूबवर लागायचं. सुनेच्या फोनवर ते बघायचं म्हणजे चेहरा शेंगदाण्याएवढा. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना त्यात काय दिसणार, कपाळ!

तर दोघं सांगलीला गेली. दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं होतं, म्हणून दुपारीच निघाली. स्टँडजवळच्या दुकानात जयराज नावाच्या पोरसवद्या विक्रेत्यानं ओळीनं आठ टीव्ही चालू करून दाखवले. कुठं धबधबा, कुठं पोपट, कुठं फुटबॉल. अण्णा एका कोपऱ्यात क्रिकेट लागलं होतं तिथं जाऊन उभे राहिले. तेवढी संधी साधून गुणमालाबाई हळूच म्हणाल्या, "बाळा, हे पोपट-बिपट ऱ्हाऊ देत. मी सांगते ते लाव. सगळ्यांवर तेच लाव."

जयराजनं रिमोटमध्ये बोलून शोधलं आणि एकेका टीव्हीवर लावत गेला. पहिल्यावर साडी निळसर दिसली. दुसऱ्यावर पिवळट. "आमची पांढरी हाय रं," बाई कुरकुरल्या. तो इंच सांगत होता, आवाज सांगत होता, ह्यांचं लक्ष भलतीकडंच. पाचव्या टीव्हीसमोर त्या थांबल्या. डाव्या भुवईवरचा व्रण! सातव्या वर्षी पोर पाण्याच्या टाकीवरून पडली होती, त्याचा. तो तसाच होता, बोट लावावं असा.

"हाच," त्या म्हणाल्या.

मागं कुणीतरी उभं होतं. वळून बघतात तर अण्णा! आता हा माणूस टीव्ही तर घेणार नाहीच, वर दुकानात तमाशा करणार. अण्णा स्क्रीनकडं बघत राहिले. रक्तानं माखलेल्या त्या पोरीला उचलून सांगलीपर्यंत त्यांनीच पळवत आणलं होतं.

"ह्याच्यात मोठा हाय का?" अण्णांनी जयराजला विचारलं.

होता. तो घेतला. वाटेत गाडीवर बाईंना अण्णांची पाठच तेवढी दिसत होती. राग आलाय का रडू, हे पाठीवरून कसं कळावं? बाईंना त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयराजच टीव्ही लावायला आला. भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून म्हणाला, "काका, खुर्चीत बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येतोय."

गुणमालाबाईंना बोलायचं होतं, पण बोललं की वादाला तोंड फुटणार.

"वर घे," अण्णा म्हणाले.

"अजून? मान दुखंल की काका!"

"दुखू दे. आन् खुर्च्या काढायच्यात इथनं, आमी खाली बसणार हाय. माताजींचं आसन आपल्या बरोबरीला असतंय व्हय रं?"

माताजी. म्हटलं अण्णांनी! नऊ वर्षं ज्या शब्दासाठी बाईंनी देव पाण्यात ठेवले होते, तो असा, बोलता बोलता आला. त्यांना आनंद झालाच. खोटं कशाला सांगा? पण पाठोपाठ काळजात चर्र झालं. तिला कीर्ती म्हणणारा ह्या घरात एकच माणूस उरला होता.

टीव्ही लागला. दोघं चटईवर मान वर करून बसली. पांढरी साडी दिसली, चेहरा दिसला, व्रण दिसला. अण्णांनी हात जोडले आणि पुटपुटले, "वंदामि माताजी."

गुणमालाबाईंनीही हात जोडले. ओठ नेहमीसारखे वंदामिच म्हणत होते. मनातल्या मनात मात्र त्या म्हणाल्या, बारीक झालीस गं, कीर्ते.